नाडीचं दुखणं

नवजात बाळांच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरांचा अर्धा दिवस एकच वाक्य बोलण्यात जायचा: "काही नाही हो, हे असंच असतं." बाळ शिंकलं की बाप धावत यायचा. बाळाला उचकी लागली की आजी तोंडाला हात लावून यायची. शी हिरवी झाली की मोबाइलवर तिचा फोटो काढून अख्खं घराणं यायचं, आणि नेमकं सिस्टर डबा खात असताना तो फोटो त्यांच्या नाकासमोर धरायचं. सिस्टर घास गिळायच्या, फोटो बघायच्या, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि ते वाक्य म्हणायच्या. मनातून मात्र त्यांना वाटायचं, ही माणसं मूल घेऊन घरी जातात, पण धीर कुठे विसरतात कोण जाणे.

अशा बाईच्या घरात साप आला.

आणला त्यांच्या लेकीने. तिच्या मैत्रिणीकडे पाळलेल्या सापाची अंडी फुटली होती, त्यातलं एक पिल्लू ती बुटाच्या खोक्यात घालून घेऊन आली. नारिंगी रंगाचं, पाठीवर विटकरी ठिपके, पेन्सिलीहून बारीक आणि पूर्ण बिनविषारी. "चावला तरी कळत नाही, आई," लेक म्हणाली. सिस्टरांचा नवरा बस चालवायचा. भर गर्दीच्या चौकात एका हाताने स्टिअरिंग फिरवून दुसऱ्याने चहा पिणारा माणूस. तो त्या दिवसापासून बैठकीच्या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसायला लागला. "घाबरलो कसला? पाय दुखतात," असं तो न विचारताच सांगायचा. सासूबाईंना मात्र पिल्लू पहिल्या नजरेत आवडलं. "पायजम्याच्या नाडीएवढं आहे गं मेलं," त्या म्हणाल्या, आणि नाव पडलं नाडी. पुढे तो नर आहे असं कळलं, पण सासूबाईंनी ते मनावर घेतलं नाही. नाडी ती नाडी.

थोड्याच दिवसांत लेकीला दुसऱ्या शहरात शिकाऊ म्हणून काम मिळालं आणि तिने बॅग भरायला घेतली.

"आणि हे ध्यान?" सिस्टरांनी काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"आई, तू नर्स आहेस. तुझ्याइतकं कोण बघणार?"

"मी माणसांची नर्स आहे."

"पिल्लांचीच ना?"

यावर सिस्टरांना उत्तर सुचलं तोवर लेकीची गाडी सुटून गेली होती. मागे राहिली ती काचेची पेटी, तिच्याखाली ऊब देणारी विजेची गादी, आणि फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीला खेटून गोठवलेल्या उंदराच्या पिल्लांचा डबा. नवऱ्याने मटार सोडले.

पहिला घोळ वॉर्डातच झाला. सिस्टर राउंडच्या वेळी डॉक्टरांच्या मागे उभ्या होत्या आणि फोन घरचा होता म्हणून त्यांनी तो उचलला. सासूबाईंचा आवाज ठणठणीत. फोनशिवायही ऐकू जाईल असा.

"अगं, नाडी सापडत नाहीये!"

डॉक्टर वळले. दोन्ही धाकट्या सिस्टर वळल्या. खाटेवरची एक बाळंतीण उठून बसली.

"कोणाची?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या घरची," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की याने परिस्थिती काही सुधारली नाही. "साप आहे, डॉक्टर. साप." डॉक्टरांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने ते एरवी उन्हात बाळाला शाल गुंडाळून आणणाऱ्या आईबापांकडे बघायचे.

घरी येऊन सिस्टरांनी पेटीतला लाकडाचा भुगा बोटाने जरा बाजूला केला. नाडी तळाशी वेटोळं करून निवांत पडली होती. लेकीला फोन लावला तर ती हसली. "लहान पिल्लं लपूनच बसतात गं. उघड्यावर बसलं तर कावळा नेईल, असं त्यांना वाटतं."

"बैठकीच्या खोलीत कुठला कावळा?"

"ते तिला काय माहीत?"

मग नाडीने खाणं सोडलं. सिस्टरांनी उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात नरम केलं, चिमट्यात धरून तिच्यासमोर हलवलं, नाचवलं, दोन गोड शब्दही बोलल्या. नाडीने तोंड फिरवलं. अंगाचा नारिंगी रंग उडून राखेसारखा झाला होता आणि डोळ्यांवर निळसर दुधी पडदा आला होता.  आता लेकीला काय सांगायचं? पिल्लू आंधळं केलं म्हणून? त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बुटाचं खोकं पोटाशी धरून प्राण्यांच्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीण त्यांच्या लेकीपेक्षा फार तर पाचसहा वर्षांनी मोठी. तिने नाडीला हातावर घेतलं, उलटंपालटं केलं, तोंड उघडून बघितलं. मग ती हसली, सिस्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "काही नाही हो, हे असंच असतं. कात टाकायची वेळ झालीय."

सिस्टरांच्या अंगाची लाही लाही झाली. वाक्य त्यांचं, हात ठेवायची पद्धत त्यांची, ते हसूसुद्धा त्यांचंच. इतक्या वर्षांत आपल्यासमोरच्या माणसांना काय वाटत असेल, हे त्यांना त्या खांद्यावरच्या हातासकट एका क्षणात कळलं. आणि कळलं म्हणून काही राग कमी झाला नाही.

डॉक्टरीण खरं बोलली होती. डोळे आपोआप स्वच्छ झाले, आणि एका सकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरात येऊन खालच्या आवाजात सांगितलं, "गेली गं. वाळून पार कागद झाली बिचारी." त्यांचे डोळे भरले होते. सिस्टर हातातली कढई टाकून धावल्या. पेटीत एक पातळ, पांढरी, अखंड कात पडली होती, आणि तिच्या पलीकडे नवीकोरी, चकाकती नाडी जीभ लवलवत यांच्याकडे बघत होती. त्या संध्याकाळी तिने असं खाल्लं, की उपास कुणी केला होता असा प्रश्न पडावा.

पण घराला आता काळजीची चटकच लागली. गिळून झाल्यावर नाडीने जबडा उघडून ऐसपैस जांभई दिली, तर सासूबाई म्हणाल्या, "तिला श्वास लागलाय." शीमध्ये पांढरं खडूसारखं काही दिसलं, तर नवरा लांबूनच म्हणाला, "मुतखडा असेल. माझ्या कंडक्टरला झाला होता." शेपटी थरथरली, तर फिट आली. पाण्याच्या वाटीत जाऊन बसली, तर ताप. सिस्टर आधी दोघांना झापायच्या, मग हळूच बाल्कनीत जाऊन दवाखान्याला फोन करायच्या. तिथला फोन घेणारा माणूस त्यांचा आवाज ओळखायला लागला. "हां, नाडीच्या आई ना? बोला." जांभई? जबडा जागेवर बसवते. पांढरं? लघवी असते ती, घट्ट. शेपटी? घाबरली असेल. वाटीत? अंगावर काळे बारीक किडे दिसतात का? नाही ना? मग अंघोळ करतेय, करू द्या.

शेवटी डॉक्टरीणच फोनवर आली. "ताई, हे बघा. जीभ लवलवतेय, हातावर घेतलं की घट्ट धरतेय, तोवर निवांत राहा. खाल्लेलं उलटून पडलं, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागली, किंवा हातात चिंधीसारखी लोंबली, तर मात्र धावत या. तोवर नका येऊ."

"मला कळतं ते," सिस्टर म्हणाल्या. "मी नर्स आहे."

 "हो का?" डॉक्टरीण म्हणाली. ते दोन शब्द सिस्टरांना आठवडाभर झोंबले.

त्यानंतर त्यांनी ठरवलंच. आता काही झालं तरी विचारायचं नाही. वॉर्डात आपण ज्यांना हसतो, त्यांच्यातल्या आपण नव्हे. सासूबाईंनी काही म्हणायला तोंड उघडलं की त्या हात वर करायच्या. "नाडी गप्प गप्प आहे गं," सासूबाई म्हणाल्या, तर त्यांनी सुनावलं, "आई, साप आहे तो. गाणं म्हणणार आहे का?" दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पुन्हा सुरुवात केली, "सुस्त वाटते."

"सुस्त असणं हाच तिचा धंदा आहे!"

सासूबाई तोंड फुगवून आपल्या खोलीत गेल्या. थंडी पडली होती आणि त्यांचे गुडघे धरले होते. सिस्टरही कामावरून थकून यायच्या, पेटीत डोकावायच्या, नाडी दिसली की पुढे व्हायच्या. विचारायचं नाही म्हणून बघायचंही कमी झालं होतं.

रविवारी दुपारी सिस्टर पाणी बदलायला गेल्या तर भुग्यावर उंदराचं पिल्लू पडलेलं दिसलं. अर्धवट पचलेलं, घाण वास मारणारं. आदल्या दिवशी गिळलेलं ते उलटून पडलं होतं. नाडी काचेला टेकून, मान ताठ वर करून बसली होती. सिस्टरांनी कान जवळ नेला. प्रत्येक श्वासाला बारीक टिकटिक होत होती, ओल्या लाकडाला आग लागावी तशी. नाकपुडीशी एक बुडबुडा फुगला आणि फुटला. त्यांनी तिला उचललं. एरवी मनगटाला वेढा घालणारी नाडी बोटांवरून दोन्हीकडे लोंबत राहिली.

आणि थंडगार लागली.

सिस्टरांनी पेटीच्या तळाला हात लावला. तळ थंड. त्यांनी गादीची वायर धरली आणि तिच्या मागे मागे गेल्या. कपाटामागून, टेबलाखालून, भिंतीपर्यंत. नाडीचा प्लग जमिनीवर पडला होता. त्याच्या जागी दुसरीच वायर होती, आणि ती दाराच्या फटीतून थेट सासूबाईंच्या खोलीत गेली होती. तिथे सासूबाई गुडघ्यांवर विजेची शेकायची पिशवी ठेवून आरामात बसल्या होत्या.

"आई! हा प्लग कधी काढलात?"

"झाले की चारसहा दिवस. माझ्या खोलीतला चालत नाही. सांगून सांगून थकले, तुझ्या नवऱ्याला वेळ होतोय का?"

"अहो, नाडीची गादी होती ती! तिला ऊब लागते!"

"मग मला नाही लागत?" सासूबाई तडकल्या. "माझे गुडघे धरलेत. तिला तर गुडघेच नाहीत!"

यावर जे उत्तर सिस्टरांच्या ओठांवर आलं होतं, ते सून म्हणून आजवर कधी दिलेलं नव्हतं. ते त्यांनी दाबलं, कारण हातावर नाडी होती. सासूबाईंची नजर तिच्यावर गेली. लोंबणारं ते अंग बघून त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाई," त्या एवढंच म्हणाल्या. मग हळूच, "मी म्हणत होते ना गं, सुस्त आहे."

म्हणत होत्या. हेच तर जास्त लागलं.

सिस्टरांनी दवाखान्याला फोन लावला. रविवार असूनही ओळखीचा आवाज आला. "हां, नाडीच्या आई! बोला, आज काय? श्वासाचा आवाज? कात टाकायच्या आधी होतो असा कधीकधी, नाकात साल अडकते. काही नाही हो, हे अ..."

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. हा आवाज घरातल्या कुणी ऐकला नव्हता. तो फक्त वॉर्डात, ड्युटी बदलताना निघायचा. "आता मी बोलते, तुम्ही ऐका. चारसहा दिवस ऊब बंद होती. काल खाल्लं, आज उलटलं. डोळे स्वच्छ आहेत, रंग स्वच्छ आहे, म्हणजे कातीची वेळ नाही. श्वासाला आवाज आहे, नाकातून फेस येतोय, मान वर धरून बसतेय. अंगात जोर नाही. आम्ही निघतोय. डॉक्टरांना बोलावून ठेवा."

पलीकडून नुसतं "या" ऐकू आलं.

नवऱ्याने गाडी काढली. सासूबाई चप्पल घालून आधीच दारात उभ्या होत्या, हातात आपली शेकायची पिशवी. "अजून गरम आहे. हिच्यावर ठेवू खोकं." सिस्टरांनी मध्ये जाड टॉवेल घडी करून घातला, आणि मागच्या सीटवर सासूबाईंनी ते सगळं मांडीवर घेतलं. वाटभर सिस्टरांच्या डोक्यात भांडण चालूच होतं. सासूबाईंशी, डॉक्टरणीशी, त्या "हो का"शी, आणि सगळ्यात जास्त स्वतःशी. इतकी वर्षं बाळांच्या आयांना त्या बजावून सांगत आल्या होत्या, की वेडगळ वाटलं तरी विचारा, विचारायला लाजू नका. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा लाजल्या. एका सापासाठी कोण लाजतं? दवाखाना आला तेव्हा नवरा न सांगता उतरला, त्याने मागचं दार उघडलं आणि आईच्या मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी उचललं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण खोकं हललं नाही.

डॉक्टरणीने नळी लावून ऐकलं, तोंड उघडून चिकट लाळ बघितली आणि या वेळी हसली नाही. "फुप्फुसाला संसर्ग झालाय. ऊब गेली की या पिल्लांना पचतही नाही आणि लढताही येत नाही. वेळेत आणलंत, पण कसं होईल ते आज सांगत नाही. इंजेक्शनं द्यावी लागतील, दर तीन दिवसांनी. तुम्ही देऊ शकाल घरी?"

"देईन." मग सिस्टरांना राहवलं नाही. "तुम्हीच म्हणाला होतात, नका येऊ. सगळं असंच असतं म्हणालात."

"तेव्हा तसंच होतं," डॉक्टरीण शांतपणे म्हणाली. "आज नाहीये. आणि आज तुम्ही आलात."

यात भांडायला जागा नव्हती, म्हणून सिस्टरांना आणखीच वैताग आला.

मग घरी इंजेक्शनं सुरू झाली. ज्या हातांनी सिस्टर मुठीएवढ्या बाळांच्या शिरा शोधायच्या, ते हात पेन्सिलीएवढ्या नाडीला सुई टोचायच्या आधी दोनदा मागे यायचे. धरायला सासूबाई. पहिल्यांदा त्यांनी इतकं हलकं धरलं की नाडी निसटली. दुसऱ्यांदा सिस्टर ओरडल्या. तिसऱ्यांदा दोघींना जमलं. सासूबाई आता शेकत नव्हत्या. गुडघे धरून, कण्हत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने घरभर फिरत होत्या. दोन दिवस सिस्टरांनी ते सहन केलं.

"आई, प्रायश्चित्त घेताय का? पिशवी लावा माझ्या खोलीत आणि बसा तिथे."

"नको. मी प्लगला हात लावणार नाही."

"मी लावते! पण कण्हू नका!"

लेकीपासून लपवायचं असं ठरलं होतं, पण नवऱ्याने फोनवर "नाडी कशी आहे?" या प्रश्नाला इतका वेळ घेतला की तिला कळलंच. मग ती रडली, चिडली, "तुमच्यावर विश्वास ठेवला" म्हणाली. सिस्टर बोलणार, इतक्यात सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "प्लग मी काढला. तुझ्या आईने नाही. काय ओरडायचंय ते मला ओरड, आणि मग तिला सॉरी म्हण, ती ड्युटी करून येते आणि सुया टोचते." सिस्टरांना एकदम तोंड धुवायला जावंसं वाटलं, आणि त्या बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून उभ्या राहिल्या.

टिकटिक हळूहळू कमी झाली. कधी थांबली ते नेमकं कुणालाच सांगता आलं नाही. एक दिवस सिस्टरांनी कान लावला तर काहीच ऐकू आलं नाही. नाडी बोटाला हलका वेढा घालायला लागली. डॉक्टरणीने खायला द्यायची परवानगी दिली, अगदी लहानसं पिल्लू. सिस्टरांनी चिमटा पुढे केला. नाडी बघत राहिली. सासूबाई श्वास रोखून उभ्या. नवरा खुर्चीवरून उतरून, जमिनीवर पाय ठेवून, चक्क पेटीच्या शेजारी येऊन वाकला. मग नाडी झेपावली, आणि तो एवढ्या मोठ्याने किंचाळला की शेजारच्यांनी दार वाजवलं. पण नाडीने पकड सोडली नाही. घास खाली गेला आणि खालीच राहिला.

महिन्याभराने लेकीचा फोन आला. तिथेच कायमची नोकरी मिळाली होती. सगळ्यांनी आनंद केला. मग ती जरा अडखळली. "आई, फक्त एक आहे. इथे घरमालक प्राणी ठेवू देत नाही."

सिस्टरांनी डोळे मिटले. "किती जगतात गं हे?"

"नीट सांभाळलं तर वीस वर्षं सहज."

सिस्टर सोफ्यावर बसल्या. त्या रिटायर होणार होत्या त्याच्याही पुढे, गुडघे धरणार होते त्याच्याही पुढे, फ्रीजरमध्ये मटारशेजारी तो डबा राहणार होता. त्यांनी लेकीला चार शब्द सुनावायला तोंड उघडलं, पण भिंतीपाशी ठोकाठोक सुरू झाली होती आणि काही ऐकू येईना. नवरा गुडघ्यांवर बसून नवा स्विचबोर्ड लावत होता आणि शेजारी सासूबाई स्क्रूची डबी धरून उभ्या होत्या.

"दोन लाव," त्या मुलाला सांगत होत्या. "एक तिला, एक मला. आणि माझा जरा वर घे रे, मला वाकवत नाही."